मध्यंतराचा फोटो

मध्यंतराची शिट्टी झाली तसा माझ्या शेजारच्या माणसाने खिशातून फोन काढला आणि समोरच्या मोठ्या पडद्यावरच्या स्कोअरचा फोटो घेतला. ऑस्ट्रेलिया ०, भारत ०. फोटो नीट आलाय का ते बोटांनी मोठा करून पाहिलं, आणखी एक काढला आणि फोन परत खिशात टाकला. मी मान वळवली तर पुढच्या रांगांत, उजवीकडच्या स्टँडमध्ये, वरच्या मजल्यावर, जिथे नजर जाईल तिथे निळे शर्ट घातलेली माणसं हात उंच करून तेच करत होती. खेळाडू आत निघून गेले होते, रिकाम्या हिरवळीवर पाण्याचे फवारे फिरत होते आणि असंख्य फोन त्या दोन शून्यांवर रोखलेले होते. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी काही बोलतही नव्हतं. मीही काढला.

जानेवारी २०२४मधला आशिया चषकाचा तो फुटबॉल सामना बघून कतारमधल्या दोहाहून परत आल्याला आता बराच काळ लोटला, पण तो फोटो काही मनातून जात नाही. फोनमध्ये मधूनच समोर येतो आणि तोच प्रश्न विचारतो. आम्ही सगळ्यांनी तो का काढला? पुढच्या पंचेचाळीस मिनिटांत हा स्कोअर टिकणार नाही, असं प्रत्येकाला आतून वाटत होतं, हे तर उघडच आहे. टिकेल अशी खात्री असती तर सामना संपल्यावर निवांत काढला असता. मग तो अविश्वास होता का? अविश्वास असलेली माणसं सुट्टी मागून, ड्यूटी बदलून, समुद्र ओलांडून येत नाहीत.

गुरुवारी रात्री मावसभावाचा दोहाहून फोन आला होता. "अरे, शनिवारच्या मॅचचं एक तिकीट पडलंय. येतोस का?" इतकंच. तो तिथे बरीच वर्षं नोकरीला आहे, त्याचा एक सहकारी ऐन वेळी अडकला होता. आशिया चषकाची तिकिटं २५ रियालपासून होती, म्हणजे आपले पावणेसहाशे रुपये. विमानाचं भाडं त्याच्या कैक पट. भारतीय पासपोर्टवर कतारचा व्हिसा तिथे पोचल्यावर मिळत होता, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागत होतं. हे सगळं मी फोन ठेवून बघायला घेतलं तेव्हाच मला कळलं होतं की मी जाणार. आईने विचारलं, "जिंकणार का रे आपले?" म्हटलं, "नाही गं." ती म्हणाली, "मग?" या "मग?"मध्ये खोट काढण्यासारखं काही नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मला तिला खरंच सांगता आलं नाही.

आकडे तिच्याच बाजूने होते. फिफाच्या क्रमवारीत ऑस्ट्रेलिया २५वा, आपण १०२वे. ज्या अहमद बिन अली स्टेडियमवर सामना होता, तिथेच तेरा महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०२२मध्ये, हाच ऑस्ट्रेलिया विश्वचषकाच्या बाद फेरीत मेस्सीच्या अर्जेंटिनाशी खेळला होता आणि फक्त २-१ने हरला होता. आपण विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत कधी खेळलेलोच नाही. आशिया चषकात आजवर १९६४, १९८४, २०११, २०१९ आणि ही, एवढ्या पाच वेळा पोचलो. माझ्या वडिलांच्या पिढीला हे इतकं बोचायचं नाही, कारण त्यांच्याजवळ सांगायला काहीतरी होतं. बाबा मुंबईतल्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कपचे फुटबॉल सामने बघायला जायचे. मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र, टाटा, हे त्यांच्या तोंडी गिरण्या-कारखाने म्हणून यायचेच नाहीत, संघ म्हणून यायचे. आणि ऑस्ट्रेलियाचं नाव निघालं की ते नेव्हिल डिसोझावर यायचे. १९५६चं ऑलिंपिक, मेलबर्न, समोर यजमान ऑस्ट्रेलिया, आणि टाटांकडून खेळणाऱ्या या मुंबईच्या पोराने तीन गोल मारले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. आपण ४-२ने जिंकलो आणि शेवटी चौथे आलो. बाबांनी तो सामना पाहिलेला नव्हता, रेडिओवरही ऐकलेला नव्हता. त्यांनाही तो कुणीतरी सांगितलेलाच होता. पण सांगताना डाव्या हाताची मूठ उजव्या तळव्यावर अशी आपटायचे की चेंडू जाळ्यात गेल्यासारखं वाटायचं. मी लहानपणी समजत होतो की ऑस्ट्रेलियाला फुटबॉलमध्ये आपणच हरवतो.

विमानात बहुतेक सगळे सुट्टी संपवून कामावर परतणारे होते. बॅगांना दोऱ्या बांधलेल्या, त्यांवर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव आणि फोन नंबर. मी एक पाठपिशवी घेऊन चढलो होतो. कशाला चाललात, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं याचा मला संकोच वाटत होता. कुणी विचारलं नाही, बहुतेक झोपलेच. वर्ष-दोन वर्षांनी घर पाहून परत निघालेल्या माणसाची झोप वेगळी असते, विमान सुटायच्या आत लागते.

शनिवारी दुपारी म्शैरेब मेट्रो स्टेशनवर गाडी बदलून आम्ही ग्रीन लाइनला आलो आणि तिथून पुढे मला कतार दिसलंच नाही. डबा निळा होता. एका कोपऱ्यात ढोल, दुसऱ्या कोपऱ्यात मल्याळममधून घोषणा, त्यात मधेच बंगाली, मधेच तमिळ, आणि सगळ्यांना सामावणारं "इंडिया, इंडिया". २०१७पासून भारतीय संघाच्या मागे देशोदेशी फिरणाऱ्या ब्लू पिलग्रिम्सचे लोकही त्यात होते. पण डब्याचा जीव होता तो तिथेच राहणाऱ्यांचा. कतारात सात-आठ लाख भारतीय आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना आठवड्यात फक्त शुक्रवारची सुट्टी. सामना शनिवारी, तोही दुपारी अडीचला. म्हणजे त्या डब्यातल्या प्रत्येकाने कुणाला तरी गळ घातली होती, कुणाची तरी रात्रपाळी अंगावर घेतली होती, कुणाला तरी शब्द दिला होता. एका मुलाच्या निळ्या शर्टाखालून कामाच्या गणवेशाची कॉलर दिसत होती. अल रिफा हे शेवटचं स्टेशन. बाहेर पडलं की समोर वाळूच्या रंगाचं, नक्षीदार अंगाचं ते स्टेडियम आणि त्याच्या मागे सपाट, मोकळं आकाश.

शेजारी बसलेला माणूस मलप्पुरमचा. वय पन्नाशीच्या आतबाहेर, एका गोदामात कामाला. सेव्हन्स फुटबॉल बघत वाढलेला, म्हणजे सात-सात जणांचे ते सामने, रात्री दिव्यांखाली, तात्पुरत्या उभारलेल्या गॅलऱ्यांत. हे सगळं त्याने पहिल्या दहा मिनिटांतच हिंदीतून सांगून टाकलं आणि मग विचारलं, "आप कौन सी कंपनी में?" मी म्हटलं, मी इथे राहत नाही, मॅचसाठी आलोय. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या दोघांना मल्याळममध्ये काहीतरी सांगितलं, आणि त्या दोघांनी वाकून माझ्याशी हात मिळवले. मला फार अवघडल्यासारखं झालं. माझं येणं म्हणजे एक तिकीट काढणं. त्याचं येणं म्हणजे आदल्या रात्रीची जास्तीची पाळी, आणि सामना संपल्यावर थेट पुन्हा कामावर.

"२०११ को भी था," तो म्हणाला. "इधरीच. चार-झीरो."

तेव्हाचा आशिया चषकही दोहातच झाला होता आणि तेव्हाही पहिला सामना ऑस्ट्रेलियाशीच. टिम केहिलने दोन गोल मारले होते. सुब्रत पालने गोलपोस्टमध्ये इतके चेंडू अडवले की चारचे आठ झाले नाहीत. सुनील छेत्री तेव्हा २६ वर्षांचा होता. आता ३९ वर्षांचा, कर्णधार. माझ्या शेजारचा हा माणूस त्या तेरा वर्षांत याच शहरात होता. त्याच्या डोळ्यांदेखत हे मेट्रोचे बोगदे खणले गेले, ही स्टेडियमं उभी राहिली. ती ज्यांनी बांधली त्यांत आपल्याकडचे, नेपाळचे, बांगलादेशचे किती जण होते हे सगळ्या जगाला माहीत आहे. त्या उन्हात राबून घरी न परतलेलेही होते. मी खुर्चीत बसलो होतो ती खुर्ची, समोरचा कठडा, वरचं छप्पर, या सगळ्याला कुणाकुणाचे हात लागले असतील हा विचार राष्ट्रगीताआधी आला आणि राष्ट्रगीत सुरू झाल्यावर जास्तच आला.

राष्ट्रगीत मी हजारदा म्हटलं असेल, ते असं कधी ऐकलं नव्हतं. मोठ्या स्टेडियममध्ये आवाज एकदम पोचत नाही. ध्वनिक्षेपकावरचं "जन गण मन" आमच्यापर्यंत आलं, आम्ही ते उचललं, समोरच्या स्टँडने अर्धी मात्रा मागून उचललं, कोपऱ्यांतल्यांनी आणखी मागून. "जय हे"पर्यंत पोचताना तर ध्वनिक्षेपक थांबला होता आणि माणसं अजून गातच होती. पस्तीस हजारांहून जास्त प्रेक्षक होते, त्यांत पिवळ्या-हिरव्या ऑस्ट्रेलियन पाठीराख्यांचे थोडेसे ठिपके, बाकी आम्हीच. शेजाऱ्याचे डोळे मिटलेले होते. लेकीच्या घरी माहेरची माणसं यावीत तसं ते होतं. कशी आली, काय घेऊन आली, श्रीमंत की गरीब, हे नंतर. आली.

टीव्हीवर फुटबॉल बघणाऱ्याला चेंडू दिसतो. स्टेडियममध्ये चेंडू नसतानाचा खेळ दिसतो, आणि मला वाटतं आपला संघ खऱ्या अर्थाने तेव्हाच दिसतो. चेंडू बहुतेक वेळ ऑस्ट्रेलियाकडेच होता. आपले नऊ जण आपल्याच अर्ध्या भागात, दोन रांगा करून, एकमेकांमधलं अंतर राखत डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सरकत होते. संदेश झिंगन सतत हात दाखवत, ओरडत होता. त्याच्या शेजारी आपला मुंबईचा राहुल भेके. उंचापुऱ्या ऑस्ट्रेलियनांसमोर एकेक क्रॉस, म्हणजे कडेने गोलसमोर आलेला चेंडू, डोक्याने बाहेर फेकला जाई, तेव्हा आम्ही गोल झाल्यासारखे उठून ओरडायचो. आणि या सगळ्यापासून दूर, मध्यरेषेजवळ, छेत्री एकटा. मी बराच वेळ फक्त त्याच्याकडे बघत होतो. तो चालायचा, मागे वळून बघायचा, दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत जाऊन उभा राहायचा, चेंडू न येता परत यायचा. पुन्हा जायचा. कॅमेरा हे कधी दाखवत नाही. चेंडू येणार नाही हे शंभरपैकी नव्वद वेळा माहीत असताना तो माणूस प्रत्येक वेळी योग्य जागी जाऊन उभा राहत होता. जवळपास एकोणीस वर्षं त्याने देशासाठी हेच केलं होतं.

सोळाव्या मिनिटाला चेंडू आला.

निखिल पुजारीचा क्रॉस, छेत्री पुढे झेपावला, डोकं लागलं. आमच्या समोर, कठड्यापाशी, पिवळं जॅकेट घातलेला बंदोबस्ताचा एक पोरगा मैदानाकडे पाठ करून उभा होता. त्यांना तसंच उभं राहावं लागतं, प्रेक्षकांकडे तोंड करून. पूर्ण सामना तो आमच्या चेहऱ्यांवरच बघत होता. छेत्री झेपावला तेव्हा आम्ही सगळे उठलो आणि त्याचेही डोळे मोठे झाले, मान नकळत अर्धी वळली, मग त्याने ती आवरली. चेंडू बाहेर गेला. ते त्याला आमच्याकडे बघून कळलं. शेजाऱ्याने माझं मनगट पकडलं होतं ते बराच वेळ सोडलं नाही.

सामन्याच्या पंच योशिमी यामाशिता होत्या. पुरुषांच्या आशिया चषकात सामन्याची सूत्रं सांभाळणाऱ्या त्या पहिल्या महिला, आणि तो पहिला सामना आमचा. हे मला आधी माहीत होतं, पण तिथे त्याची आठवणही झाली नाही, इतक्या सहज त्या धावत होत्या. त्यांनीच ती मध्यंतराची शिट्टी वाजवली.

आता त्या फोटोकडे बघताना मला वाटतं, आम्ही स्कोअर साठवत नव्हतो. हरणाऱ्या संघाच्या पाठीराख्याला एक सवय लागते. सगळ्या सामन्यातून जेवढं चांगलं आहे तेवढं वेचून ठेवायची. सुब्रत पालचे सेव्ह, २०१९ला थायलंडवरचा ४-१चा विजय, मेलबर्नचा तो मला बाबांनी, बाबांना कुणीतरी सांगितलेला सामना. जिंकणाऱ्या देशांच्या लोकांना हे करावं लागत नाही, ते करंडकांचे फोटो काढतात. विश्वचषकातल्या संघाला पंचेचाळीस मिनिटं रोखून धरलं, आणि ते घडलं तेव्हा आपण तिथे होतो, एवढं त्या माणसांना घेऊन जायचं होतं. रूमवर, गोदामात, घरी, व्हॉट्सॲपवर गावाकडच्या पोरांना. मध्यंतरानंतर ते तसं राहणार नव्हतं, म्हणून लगेच. आईला मी हे तेव्हा सांगू शकलो असतो तर बरं झालं असतं.

पन्नासाव्या मिनिटाला क्रॉस आला. आपला गोलरक्षक गुरप्रीतचा हात लागला पण चेंडू लांब गेला नाही, जॅक्सन आयर्विनच्या पुढ्यात पडला आणि त्याने तो जाळ्यात मारला. पस्तीस हजार माणसं गप्प होतात तेव्हा वातानुकूलन यंत्राचा आवाज ऐकू येतो. मग कुठून तरी ढोल पुन्हा सुरू झाला. त्र्याहत्तराव्या मिनिटाला, नुकताच मैदानात उतरलेल्या जॉर्डन बॉसने दुसरा मारला. ढोल या वेळी थांबलाच नाही. सामना २-०ने संपला, आपल्या खेळाडूंनी स्टँडकडे वळून टाळ्या वाजवल्या, आम्ही वाजवल्या. शेजारी उठला, शर्टावरच्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या आणि म्हणाला, "पिछली बार चार, इस बार दो." हिशेब मांडतो तितक्या गंभीरपणे. मग घड्याळ पाहून घाईने निघाला, त्याला सहाच्या आत पोचायचं होतं. आम्ही नावं विचारली नाहीत.

पुढचे दोन सामने मी घरी टीव्हीवर पाहिले. उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. तीन सामने, तीन पराभव, एकही गोल नाही. टीव्हीवर स्टँडमधली निळी गर्दी मधूनच दिसायची आणि मी तिच्यात त्याला शोधायचो. त्याच वर्षी ६ जूनला छेत्रीने कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोप घेतला, ९४ आंतरराष्ट्रीय गोल नावावर असताना. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्याला परत बोलवावं लागलं, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला, कारण त्याच्या जागी उभं राहून चेंडूची वाट बघणारा दुसरा आम्ही घडवलेला नव्हता. आणि मग १४ ऑक्टोबर २०२५, मडगावचं फातोर्डा स्टेडियम, समोर सिंगापूर. आपल्या छांगटेने आघाडी मिळवून दिली होती, तरी १-२ने हरलो आणि पुढच्या आशिया चषकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशकडूनही हरलो.

हरण्याचं मला दुःख आहे, पण ते मी गिळू शकतो, ती सवय आहे. राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. पुढचा आशिया चषक २०२७मध्ये सौदी अरेबियात आहे. तिथे वीस लाखांहून जास्त भारतीय राहतात, कतारच्या दुपटीहून अधिक. एकाहून एक वेड्या फुटबॉलच्या गावांतून गेलेली माणसं आहेत ती. रियाधला, जेद्दाला, अल खोबरला सामने होतील, मेट्रोचे डबे, बसगाड्या दुसऱ्या कुठल्या तरी रंगाने भरतील. ज्यांनी एका दुपारसाठी रात्रपाळ्या अंगावर घेतल्या असत्या, ज्यांनी पंचेचाळीस मिनिटांत मिळालं तेवढं वेचून वर्षभर पुरवलं असतं, त्यांच्याकडे आपला संघ जाणार नाही. एवढं मोठं प्रेम आयतं तयार असताना, दर चार वर्षांनी चोवीस संघांना घेणाऱ्या स्पर्धेत आपल्याला नुसतं पोचताही येत नाही, याचा जाब ज्यांनी द्यायचा ते कधी त्या निळ्या डब्यात उभे राहिले असतील असं मला वाटत नाही. पुढची पात्रता फेरी जेव्हा केव्हा सुरू होईल, तिचा पहिला परदेशातला सामना जिथे असेल तिथलं तिकीट मी काढणार आहे. या वेळी कुणाचा फोन यायची वाट बघणार नाही.